तारिणीचं माहेर

‘दोघीच? आणि एवढ्या समुद्रात?’ आपल्याकडे बायका दोघीच तालुक्याला निघाल्या तरी हा प्रश्न हमखास येतो. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी मात्र २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या, त्या थेट पृथ्वीप्रदक्षिणेला! तेही वाऱ्याच्या जिवावर, शिडाच्या होडीतून. होडीचं नाव ‘तारिणी’, लांबी अवघी ५६ फूट. गोव्यातच बांधलेली आणि ओडिशाच्या तारा-तारिणी देवीचं नाव मिळालेली.

या प्रवासातला सगळ्यात खडतर टप्पा होता न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरापासून फॉकलंड बेटांवरच्या पोर्ट स्टॅनलीपर्यंतचा. जवळजवळ दीड महिना नजर जाईल तिथवर पाणीच पाणी. कडाक्याची थंडी, वादळं, आणि झोप आळीपाळीनं, कारण एकीला जागं राहावंच लागतं. फेब्रुवारी २०२५च्या मध्यावर त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न पार केलं. भल्याभल्या खलाशांना घाम फोडणारी ही जागा. तिथून काही दिवसांत स्टॅनली आलं.

दोघींसाठी हे मोहिमेतलं तिसरं बंदर, पण तारिणीसाठी ओळखीचं! जानेवारी २०१८मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहाजणी याच होडीतून इथे आल्या होत्या. लेक सात वर्षांनी माहेरच्या अंगणात यावी, तशी तारिणी परत आली.

या बंदरात असं आहे तरी काय? आधी एका अरुंद वाटेनं आत शिरायचं, की पुढे लांबट, जवळजवळ चहूबाजूंनी जमिनीनं वेढलेलं पाणी. गंमत म्हणजे वारा इथेही थांबत नाही, फॉकलंडचा वारा तर प्रसिद्धच आहे. पण मोठी लाट उठायला वाऱ्याला लांबलचक मोकळं पाणी लागतं, ते इथे मिळत नाही. म्हणजे बघा, आडोसा वारा बंद करत नाही, लाटेला मोठं होऊ देत नाही. आपल्याही घरात अडचणी थांबत नाहीत, पण कोणी पाठीशी उभं असलं की त्या डोंगराएवढ्या होत नाहीत, नाही का?

काठावर रंगीत छपरांची घरं, चर्चसमोर निळ्या देवमाशांच्या जबड्यांची १९३३ची कमान. सगळ्या बेटांची मिळून वस्ती जेमतेम साडेतीन हजारांच्या आसपास. १९८२मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांचं युद्ध झालं, ते याच बेटांवरून.

पण या बंदराची दुसरी बाजूही आहे. एके काळी केप हॉर्नच्या वादळांत मोडलेली जहाजं इथे दुरुस्तीला येत. काहींचा खर्च परवडायचा नाही. मग ती इथेच पडायची, गोदाम म्हणून वापरली जायची. ‘लेडी एलिझाबेथ’ हे जहाज १९३६पासून जवळच्या उथळ खाडीत गंजत उभं आहे. ‘ग्रेट ब्रिटन’ हे नावाजलेलं जहाज १८८६मध्ये वादळातून इथे आलं आणि थेट १९७०मध्ये, तेही ओढून, इंग्लंडला परत नेलं गेलं.

मैत्रिणींनो, मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. आडोसा सगळ्यांनाच हवा. माहेर असो, मैत्रीण असो की दुपारचा हक्काचा एक तास. तिथे जाऊन शिडं शिवून घ्यावीत, पोटभर झोपावं, चार गरम घास खावेत. त्यात कमीपणा कसला? फक्त नांगर परत उचलायची ताकद आणि इच्छा तेवढी शाबूत ठेवायची.

तारिणीनं नांगर उचलला. केप टाऊनला मुक्काम करून मे २०२५मध्ये, आठ महिन्यांनी, दोघी गोव्याला सुखरूप पोचल्या. ‘दोघीच?’ असं पुन्हा कोणी विचारलं तर सांगा, हो, दोघीच. आणि पुरेशा!