जुना वॉकीटॉकी मोडीत काढावा का?

२७ ऑगस्ट २००३. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातील शाही स्नानाचा दिवस. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर गर्दीचा लोंढा अडला, चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविकांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेची कारणे अनेक होती, त्यांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु गर्दीचा एक गुणधर्म येथे लक्षात घेऊ या. पुढची माणसे थांबली आहेत हे दोनशे मीटर मागच्या माणसांना दिसत नाही. ती चालतच राहतात आणि मधल्या माणसांवर दाब वाढत जातो. हा दाब कमी करण्याचा उपाय पुढे नसतो, मागे असतो. मागचा रस्ता बंद करावा लागतो. म्हणजे पुढच्या पोलिसाने पाहिलेली गोष्ट मागच्या पोलिसाला मिनिटाभरात कळली पाहिजे.

‘मग मोबाइलवरून सांगावे की!’ असे विद्यार्थी लगेच म्हणतील. पण एका मोबाइल टॉवरवरून एका वेळी ठराविकच संभाषणे होऊ शकतात. लाखो माणसे एका ठिकाणी जमली की ती संख्या केव्हाच ओलांडली जाते. शिवाय टॉवरला वीज लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहराच्या मोठ्या भागात वीज गेली आणि मोबाइल मुके झाले. म्हणूनच पोलिसांची स्वतःची बिनतारी यंत्रणा असते. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे.

गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणच्या पोलिसांकडे डिजिटल, म्हणजे अंकीय संच आले. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी ‘टेट्रा’ नावाची अशीच यंत्रणा उभारली गेली. नवे संच आले की जुन्या अॅनालॉग संचांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. भंगारात द्यायचे की राखीव म्हणून ठेवायचे? नाशिकचा पुढचा मोठा मेळा २०२७ सालचा असल्याने तेथे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. त्याचे उत्तर शोधताना भौतिकशास्त्राचे दोन-तीन सुंदर धडे हाती लागतात.

आवाज लहरीवर कसा बसतो?

पोलिसांचे बरेचसे संच ‘व्हीएचएफ’ पट्ट्यात चालतात. समजा, एका संचाची वारंवारता सेकंदाला १५ कोटी कंपने, म्हणजे १५० मेगाहर्ट्झ आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. त्याला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते : २ मीटर. एरिअल साधारण तरंगलांबीच्या पाव भागाएवढी असावी लागते, म्हणजे ५० सेंटिमीटर. हातातल्या संचाची रबरी एरिअल त्याहून आखूड दिसते, कारण आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते.

अॅनालॉग संचात आपला आवाज या वाहक लहरीची वारंवारता किंचित कमीजास्त करतो. आवाजाची कंपने जशी, तसाच लहरीतील बदल. लहर आवाजाची नक्कलच करते म्हणा ना! यालाच आपण एफएम म्हणतो. अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने या पद्धतीची पेटंटे १९३३ साली मिळवली. विजेच्या कडकडाटाने लहरीची उंची बदलते, वारंवारता सहसा बदलत नाही. त्यामुळे एफएमला खरखर कमी. १९४० साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या पोलिसांनी दुतर्फी एफएम यंत्रणा सुरू केली आणि मग जगभरच्या पोलिसांनी ही पद्धत उचलली.

डिजिटल संच वेगळ्या वाटेने जातो. तो आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचे वर्णन आकड्यांत लिहितो. साध्या डिजिटल टेलिफोनला सेकंदाला ६४ हजार अंक लागतात. पोलिसांच्या काही डिजिटल संचांत हे काम जेमतेम अडीच हजार अंकांत होते. त्यांच्या जोडीला हजारभर अंक चुका पकडण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी पाठवले जातात. या काटकसरीमुळे एका मार्गिकेत दोन संभाषणे मावतात, संदेश गुप्त ठेवता येतो, बोलणारा कोण व कोठे आहे हेही कळते. हे फायदे मोठे आहेत. जुन्या अॅनालॉग संचावरचे बोलणे योग्य ग्राहक यंत्र असलेला कोणीही ऐकू शकतो, हा त्याचा मोठाच दोष आहे.

उतार आणि कडा

मग जुन्याचे कौतुक कशासाठी? एक अनुभव आठवा. जुन्या दूरदर्शन संचावर प्रक्षेपण क्षीण झाले की पडद्यावर ‘मुंग्या’ येत, पण त्या मुंग्यांतूनही बातम्या देणारी व्यक्ती दिसे. आज छतावरच्या डिशने येणारे चित्र मुसळधार पाऊस सुरू होईपर्यंत अगदी स्वच्छ असते. मग त्याचे चौकोन पडतात आणि एकाएकी पडदा कोरा होतो.

रेडिओचेही तसेच आहे. संदेश क्षीण होऊ लागला की अॅनालॉग संचात खरखर वाढत जाते. एफएमलाही मर्यादा आहेच. एका पातळीखाली खरखर झपाट्याने वाढते. पण त्या खरखरीतूनही ‘रस्ता’, ‘बंद’ असे शब्द कानाला लागतात. डिजिटल संच मात्र दूरपर्यंत स्वच्छ बोलतो. जिथे अॅनालॉग खरखरू लागतो तिथेही तो स्वच्छ असतो. पण दुरुस्त करता येण्याएवढ्यापेक्षा अधिक चुका झाल्या की तो तुकडाच टाकून देतो. आवाज तुटक, चमत्कारिक होतो आणि मग पूर्ण शांतता. अॅनालॉग म्हणजे डोंगराचा उतार, डिजिटल म्हणजे सह्याद्रीचा कडा.

यात आणखी एक मर्म आहे. अॅनालॉग संचात चुका दुरुस्त करण्याचे काम ऐकणाऱ्याचा मेंदू करतो. फळ्यावर लिहा : ‘रा–कुंडाकडे ग–दी वा–ली, र–ता बं– करा’. सहावीचा मुलगाही हे वाचील, कारण त्याला भाषा आणि प्रसंग दोन्ही ठाऊक आहेत. आता तोच संदेश आकड्यांच्या सांकेतिक भाषेत लिहा आणि त्यातले चार आकडे पुसा. कोणालाच काही कळणार नाही. आणखी एक गोष्ट : खरखर वाढू लागली की पोलीस चार पावले उंचावर सरकतो, कारण त्याला धोक्याची सूचना मिळालेली असते. कड्यावर अशी सूचना फारच थोडी मिळते.

साखळीत दुवे किती?

दुसरा धडा उंचीचा. व्हीएचएफ लहरी बहुतांशी सरळ जातात, पृथ्वी मात्र वक्र आहे. एरिअलची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. रेडिओचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळते. छातीशी, म्हणजे दीड मीटरवर धरलेल्या संचाचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर. असे दोन पोलीस सपाट मैदानात १० किलोमीटरवरूनही बोलू शकतील. पण हे फक्त कागदावर. जुन्या नाशिकच्या वाड्यांच्या गल्ल्यांत हे अंतर एक-दोन किलोमीटरवर येते. उलट भोवतालापेक्षा ४०० मीटर उंच डोंगरावर एरिअल लावली तर ४०० चे वर्गमूळ २०, म्हणजे क्षितिज ८२ किलोमीटरवर!

म्हणून उंचावर ‘रिपीटर’ बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोरात बोलतो. नाशिक जिल्ह्याला याचे महत्त्व सांगायला नको. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरचे त्र्यंबकेश्वर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगरांच्या कुशीत आहे. पेठ, सुरगाण्याकडचा मुलूख तर दऱ्याखोऱ्यांचाच.

आता दुवे मोजू. मोठ्या डिजिटल यंत्रणेत संच, टॉवर, टॉवरची वीज, टॉवरला केंद्राशी जोडणारी वाहिनी, केंद्रातील संगणक आणि संचाला मिळालेली परवानगी एवढे सगळे जागेवर असेल तर पूर्ण सोय मिळते. अॅनालॉग रिपीटरला डोंगरावरचे यंत्र आणि बॅटरी पुरते. तोही बंद पडला तर दोन अॅनालॉग संच एकाच वारंवारतेवर थेट बोलतात. त्यावेळी मध्ये काहीच नसते. डिजिटल संचांनाही थेट बोलता येते, पण त्यासाठी दोन्ही संच एकाच पद्धतीचे आणि तशी मांडणी करून ठेवलेले असावे लागतात.

येथेच कुंभमेळ्याची खास अडचण येते. रामकुंडाचा बंदोबस्त शहर पोलीस आयुक्तालयाकडे, तर त्र्यंबकेश्वरचा नाशिक ग्रामीण पोलिसांकडे. शिवाय इतर जिल्ह्यांतून कुमक येते, ती आपापले संच घेऊन. डिजिटल पद्धती अनेक आहेत आणि त्या एकमेकींना समजत नाहीत. साधा एफएम हा मात्र साऱ्या कंपन्यांच्या संचांना येणारा समान धागा आहे. बहुतेक नव्या डिजिटल संचांतही अॅनालॉगची सोय दिलेली असते, ती याचसाठी.

न्यूयॉर्कचा दुहेरी धडा

मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाने जवानांना नवे डिजिटल संच दिले. काही दिवसांतच तळघरात अडकलेल्या एका जवानाची मदतीची हाक जवळच्या सहकाऱ्यांना ऐकू गेली नाही, अशी तक्रार आली. नवे संच परत घेतले आणि जुने अॅनालॉग संच पुन्हा जवानांच्या हाती आले. ते फेकून दिले नव्हते म्हणूनच हे शक्य झाले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्राच्या उंच मनोऱ्यांत याच जुन्या संचांवरचे कितीतरी संदेश वरच्या मजल्यांवरील जवानांपर्यंत पोहोचले नाहीत. तेथे रिपीटर होता, पण उत्तरेकडील मनोऱ्यात त्याचा पूर्ण उपयोग झाला नाही. तो चालू करण्याची एक कळ दाबली गेली नव्हती, असे नंतरच्या चौकशीत दिसून आले. म्हणजे जुना संच ही काही जादूची कांडी नव्हे. माहीत असलेली आणि सराव केलेली यंत्रणाच ऐनवेळी उपयोगी पडते.

राखीव म्हणजे अडगळ नव्हे

कपाटात ठेवलेला संच आणि राखीव संच यांत फरक आहे तो पुढील गोष्टींचा.

पहिली बॅटरी. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या न वापरताही हळूहळू रिकाम्या होतात. लिथियमच्या बॅटऱ्या थंड जागी, साधारण अर्ध्या भरून ठेवाव्या लागतात. ठरलेल्या दिवशी भार देऊन त्यांची परीक्षा घ्यायला हवी.

दुसरी मार्गिकेची रुंदी. जुने संच २५ किलोहर्ट्झ रुंदीचे, नंतरचे १२.५ किलोहर्ट्झचे. अरुंद संच बोलला तर रुंद संचावर आवाज बारीक येतो. उलट झाले तर आवाज फाटतो. दोन्ही आधी जुळवून घेतले पाहिजेत.

तिसरी शिस्त. अॅनालॉग मार्गिकेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले की एफएममध्ये जोरदार संदेश ऐकू येतो, क्षीण संदेश दबून जातो. कदाचित तोच महत्त्वाचा असेल! म्हणून थोडक्यात बोलणे, आधी आपली खूण सांगणे, ऐकलेला संदेश परत म्हणून दाखवणे, ही सवय लागते. गुप्त बोलणे तेथे टाळायचे असते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तालीम. महिन्यातून एक तास मुख्य यंत्रणा मुद्दाम बंद ठेवून सारा कारभार राखीव संचांवर चालवला, तरच कोणत्या गल्लीत आवाज पोहोचत नाही हे कळते.

वर्गात करून पाहा

१. ताणता येणाऱ्या एरिअलचा साधा रेडिओ घ्या. आकाशवाणी नाशिक केंद्राची वारंवारता १०१.४ मेगाहर्ट्झ आहे. तरंगलांबीचा पाव भाग काढा. उत्तर सुमारे ७४ सेंटिमीटर. एरिअल तेवढी ताणा, मग थोडी थोडी मिटत जा. नंतर रेडिओ लोखंडी कपाटात ठेवून दार हळूहळू लावा. मुलांनी ऐकू आलेले शब्द लिहून काढावेत. खरखर आणि कळलेले शब्द यांचा आलेख काढता येईल.

२. गणित सोडवा. नियंत्रण कक्षातील संच ऐकताना ०.४ अँपिअर आणि बोलताना ६ अँपिअर विद्युतधारा घेतो. एकूण वेळेच्या दहाव्या भागात तो बोलतो. ६० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली तर वीज गेल्यावर संच किती तास चालेल? (सरासरी धारा ०.९६ अँपिअर, उत्तर सुमारे ३१ तास.)

एक सूचना आवर्जून द्या. पोलिसांच्या वारंवारतेवर ऐकणे किंवा परवान्याशिवाय असे संच चालवणे हा खेळ नव्हे, तो गुन्हा ठरतो.

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळू. नवे जेथे दगा देईल तेथे जुने टिकण्याची शक्यता आहे, कारण दोघांची मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. राखीव यंत्रणेचे सारे मोल या वेगळेपणात आहे. एकसारखे दोन दोर एकाच जागी घासून तुटतील. म्हणून जुने संच ठेवावेत, पण भरलेल्या बॅटरीसह आणि सरावलेल्या हातांत. मागचा रस्ता बंद करायला लावणारा तो एक शब्द खरखरीतून आला तरी चालेल. तो वेळेवर आला पाहिजे.