पांढऱ्या फोडी लाल कशा होतात?

श्रावणात पवई तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि साकीविहार रोडवरच्या हातगाड्यांवर उत्तरेकडची नाशपाती आलेली असते. त्यातली कडक, तुरट फळं मी मुद्दाम निवडते. गाडीवाल्याला वाटतं, या बाईंना फळातलं काही कळत नाही.

घरी येऊन चार नाशपातींची सालं काढायची, प्रत्येकीच्या दोन फोडी करायच्या. अर्धी वाटी साखर, एका लिंबाचा रस, वाटीभर पाणी, दोन लवंगा. सगळं स्लो कुकरच्या चिनीमातीच्या भांड्यात घालून झाकण लावायचं, खटका ‘लो’वर करायचा आणि सहा तास तिकडे फिरकायचं नाही. कृती एवढीच. संध्याकाळी झाकण उघडलं की सकाळच्या पांढऱ्याफटक फोडी गुलाबी झालेल्या असतात. बीट नाही, कोकम नाही, रंगाचा थेंब नाही!

हा रंग तुरटपणातूनच येतो. नाशपातीला तुरट करणारी टॅनिनं म्हणजे रंगहीन रेणूंच्या साखळ्या. लिंबाचं आम्ल आणि तासन् तासांची धग मिळाली की त्यांच्या कड्या निखळतात, आणि सुटलेल्या काही कड्यांना लाल रंग चढतो. जांभूळ खाऊन जीभ रंगते तो रंग याच घराण्यातला. म्हणूनच गाडीवरची गोड, मऊ फळं इथे फिकी पडतात. त्यांच्यात तुरटपणाच बेताचा. डबाबंद फळांच्या कारखान्यांत मात्र हा गुलाबी रंग दोष मानतात, आणि तो येऊ नये म्हणून तापवलेले डबे झटपट थंड करतात. मला तर त्यांची कीवच येते.

दुसरं नवल म्हणजे इतका वेळ शिजूनही फोडींचा लगदा होत नाही. गॅस मध्येच संपून बटाटे कोमट पाण्यात तसेच राहिले, तर नंतर कितीही शिजवा, ते दडस लागतात. हा अनुभव अनेक घरांत असेल. दोन्हींमागचं कारण एकच. फळा-भाज्यांच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने एकमेकींना धरून असतात. ५० ते ७० अंशांच्या दरम्यान एक विकर जागं होतं आणि या पेक्टिनमध्ये असा बदल करतं, की कॅल्शियम त्याला घट्ट सांधू लागतं. उकळत्या पाण्यात ते विकर काम सुरू करण्याआधीच मरतं. स्लो कुकर मात्र त्या टप्प्यातून रमतगमत जातो. फोडींना आधी बळ मिळतं, मग त्या मऊ होतात.

आपल्या चुलीला वैल असायचा, तो स्लो कुकरच्याच जातीचा. चुलीच्या बाजूचं ते दुसरं तोंड. मुख्य जाळाची उरलेली धग त्याच्याखाली जायची आणि तिथे वरण, आमटी, दूध निवांत पडून राहायचं. तिकडे लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी भांडं बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवत, कारण शब्बाथला, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. आईकडून ही आठवण ऐकलेल्या अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सनने विजेचं मंद भांडं बनवलं. त्याला १९४० साली पेटंट मिळालं. १९७१मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आलं. म्हणजे पवईच्या आठव्या मजल्यावर माझ्याकडे वैलच आहे, फक्त १२० वॅटचा. सहा तासांत पाऊण युनिटही जळत नाही.

सारखं झाकण उघडून बघायचं मात्र नाही. प्रत्येक वेळी साठलेली वाफ निघून जाते आणि भांडं पुन्हा तापायला बराच वेळ घेतं. ती वाफच झाकणाला लागून परत आत टपकत असते, म्हणून शेवटी पाक पातळच राहतो. तो वेगळा काढून गॅसवर एकतारी होईपर्यंत आटवायचा. तिथे खुशाल मोठी आच ठेवा.