मोठ्यांची शाळा सुटते कधी?

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद असते तेव्हाची गंमत सांगते. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आणि मागच्या बाकांसाठी धावपळ. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना खाली. जेवणानंतर दोघं-तिघं गायब, सह्या मात्र सकाळीच झालेल्या. वर्गात रोज "पुढे येऊन बसा" म्हणून घसा कोरडा करणारे आपणच!

हे फक्त शिक्षकांचं नाही. आमच्या मुलांचे बरेच पालक विरार लोकलने अंधेरी, चर्चगेटला कामाला जातात. त्यांच्याशी बोललं की कळतं, तिथेही तेच. चुगली, रुसवा, आणि सुट्टी हवी की ठरलेली पोटदुखी.

असं का होतं? एरिक बर्न नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘गेम्स पीपल प्ले’ हे पुस्तक १९६४ साली आलं. त्याच्या मते प्रत्येकात पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अवस्था असतात. वयाशी याचा संबंध नाही. साहेब पालकाच्या सुरात म्हणाले, "किती वेळा सांगायचं?" की समोरच्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसातलं बालक जागं होतं. तो सबब सांगतो, नाहीतर पाठीमागे नक्कल करतो. "हे कुठे अडलं?" असं विचारलं तर उत्तरही बहुधा प्रौढासारखं येतं. आणि दोष नेहमी साहेबाचाच असतो असंही नाही हं. "मला काय कळतंय, तुम्हीच सांगा" असं म्हणून आपणही समोरच्याला पालक करून टाकतो.

मागच्या वर्षी पोषण आहाराच्या नोंदीत माझा एका दिवसाचा आकडा चुकला. लक्षात आलं, तरी दोन दिवस मी गप्प. विचारणा झाल्यावर म्हणाले, "नेटवर्क नव्हतं." धडधडीत खोटं. त्याच आठवड्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, वही आजीकडे राहिली." मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. हातात छडी नव्हती एवढंच, पण चाळीस मुलं त्याच्याकडे बघत होती.

घरी येताना राहून राहून वाटत होतं, त्याची आजी आणि माझं नेटवर्क यात फरक तो काय?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना खरं सांगितलं. ते थोडे चिडले, मग म्हणाले, "बरं, दुरुस्तीचं बघू." वर्गात त्या मुलाजवळ जाऊन बसले. "लिहिलं नसेल तर नसेल. कुठे अडलं ते बघू या का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने दप्तरातूनच वही काढली. हातच्याच्या वजाबाकीची दोन उदाहरणं अर्धवट सोडलेली होती.