पुरस्कार, प्रकाशक आणि आपले कपाट

पेडणे-डिचोलीचे नाते सावंतवाडीशी जुनेच आहे. पोर्तुगीजांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतले. तरीही सोयरिकी, दशावतार आणि गाऱ्हाणी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच राहिली. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा, आणि पुढे थोड्या अंतरावर सावंतवाडी. तेथील श्री पंचम खेमराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे प्रवीण बांदेकर यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ या कादंबरीला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकापाशी एका पालकांनी आम्हाला विचारले, “सर, शाळेत आहे का हो ते पुस्तक?”

नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही ते वाचलेही नव्हते. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, प्रेमचंद आणि रेणू आम्ही आधी वाचले, मराठी कादंबरीकडे उशिरा वळलो. ही सबब मात्र फार दिवस चालण्यासारखी नाही.

पुस्तक मिळवताना एक गोष्ट लक्षात आली. ही कादंबरी कोणा मोठ्या, पाठ्यपुस्तकांच्या व्यापारात असलेल्या प्रकाशनाची नाही. ती मुंबईच्या ‘शब्द पब्लिकेशन’ने काढलेली आहे. येशू पाटील यांची ही संस्था छोटी आहे. ‘मुक्त शब्द’ हे मासिकही तेच चालवतात. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२३ चा मराठीचा पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळाला, आणि तीही शब्दचीच कादंबरी. लागोपाठ दोन वर्षे! त्याआधी २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला हा मान मिळाला होता, तो संग्रहही शब्दचाच.

मुलांनी विचारले, “मग प्रकाशकाला किती पैसे मिळतात?” काहीच नाही. साहित्य अकादमी चोवीस भाषांत दरवर्षी हा पुरस्कार देते. एक लाख रुपये, ताम्रपट आणि शाल, हे सर्व लेखकाचे. मागील ठरावीक पाच वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेली पुस्तकेच विचारात घेतली जातात आणि शेवटचा निवाडा तीन परीक्षकांची समिती करते. पुस्तक पाच वर्षांत कोणाच्या नजरेस पडलेच नाही तर ते या वाटेने पुढे येणे कठीण. म्हणून छोट्या प्रकाशकाचे खरे काम पुरस्काराच्या पुष्कळ आधी होते: हस्तलिखित वाचणे, लेखकाशी वाद घालणे, कागद आणि छपाईचे पैसे उभे करणे, विक्रेत्याची सूट सोसणे. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची किंवा त्याहूनही लहान असते. ती संपायला वर्षे लागली तर पैसा तितकी वर्षे गोदामात अडकतो. पुरस्कारानंतर मागणी येते, नवी आवृत्ती निघते, आणि त्या विक्रीवर पुढच्या एखाद्या अनोळखी लेखकाचे पुस्तक निघू शकते.

हे केवळ मराठीत घडते असे नाही. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ आम्ही हिंदीतूनच वाचली. तिच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. तो अनुवाद छापला ब्रिटनमधील ‘टिल्टेड अ‍ॅक्सिस’ या छोट्या प्रकाशनाने, जे स्थापन होऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना दीपा भास्ती यांच्या अनुवादासाठी तेच पारितोषिक मिळाले. प्रकाशक शेफील्डचे ‘अँड अदर स्टोरीज’, तेही लहानच. या बुकरची पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखक व अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. अनुवादकाला असा बरोबरीचा वाटा मिळतो हे आम्हाला फार आवडले.

पुरस्कार म्हणजेच सर्व काही, असे मात्र मुलांनी समजू नये. ‘मनोविकास’ने काढलेल्या ‘उद्या’ या कादंबरीसाठी नंदा खरे यांना २०२० चा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे असे सांगून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. कादंबरी होती तशीच राहिली.

आता आपल्या घरातली गोष्ट. ‘रिंगाण’मध्ये धरणामुळे गाव सोडावे लागलेली माणसे आहेत, मागे राहिलेली जनावरे आहेत. तिळारीचे पाणी कालव्यातून पेडणे-डिचोलीच्या शेतांपर्यंत येते, आणि त्या धरणासाठी दोडामार्गातली गावे उठली, हे आपल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकातून कळते. त्या घरांत काय झाले असेल याचा अंदाज कादंबरीतून येतो. बांदेकरांच्या आधीच्या ‘चाळेगत’मधले एक पान आम्ही दहावीच्या वर्गात वाचून दाखवले. मालवणी ऐकून मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी मराठीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत असतो, म्हणाला, “सर, हे माझ्या आजीसारखं बोलतात!” पुस्तकात असली भाषा छापतात हे त्याला ठाऊकच नव्हते. घरी कोंकणी आणि शाळेत मराठी, अशी आपली बहुतेक मुले. त्याच २०२२ साली कोंकणीचा अकादमी पुरस्कारही कादंबरीलाच होता, माया अनिल खरंगटे यांच्या ‘अमृतवेल’ला. तीही आता मागवली आहे.

गेल्या काही वर्षांत ग्रंथालयाच्या रकमेतून आम्ही मार्गदर्शके आणि जाडजूड ज्ञानकोशच घेत आलो, हा दोष आमचाच. ज्ञानकोश काचेआड नवेकोरे आहेत. विश्वस्त मंडळापुढे आम्ही विनंती ठेवली आहे की, या रकमेचा चौथा हिस्सा दरवर्षी छोट्या प्रकाशकांच्या मराठी व कोंकणी कथा-कादंबऱ्यांसाठी राखावा, आणि पुस्तक पुरस्काराची वाट न पाहता घ्यावे. एका विश्वस्तांनी विचारले आहे की परीक्षेच्या निकालात याचा उपयोग काय. प्रश्न रास्त आहे. पुढील सभेत त्यावर चर्चा होईल, पालकांनीही यावे.

वर उल्लेखलेली पुस्तके प्रौढ वाचकांसाठी लिहिलेली आहेत, म्हणून ती नववीच्या पुढच्या मुलांना व पालकांनाच मिळतील. ‘रिंगाण’ची एकच प्रत आहे आणि तिच्यासाठी सध्या चार नावे नोंदलेली आहेत. त्यांतील दोन आयांची आहेत.