एकट्याचा वाद्यवृंद

चित्रकाराचें चित्र मागें राहतें, शिल्पकाराची मूर्ति राहते, कवीची कविता राहते. गवयाचा स्वर मात्र उमटतांच विरून जातो. ही हानि केवढी असते हें पुण्याला चांगलें ठाऊक आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं ज्या शहरांत गायनसंस्था काढली, आणि जी पुढें भारत गायन समाज म्हणून नांवारूपास आली, त्याच शहरांतील रसिकांना आज बुवांच्या गळ्याची एकहि ध्वनिमुद्रिका ऐकावयास मिळत नाहीं. बुवा १९२२ सालीं निवर्तले. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रणाचें काम १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झालें होतें. म्हणजे साधन येऊन वीस वर्षें लोटलीं होतीं, तरी त्यांचा स्वर राहून गेला तो गेलाच.

आज तेंच साधन एखाद्या जाड पुस्तकाएवढ्या पेटींत मावतें, पेनांत घालावयाच्या सेलसारख्या लहान सेलांवर चालतें आणि गिटार शिकणाऱ्या मुलामुलींच्या टेबलावर येऊन बसलें आहे. त्याला बहुपदरी ध्वनिलेखक किंवा नेहमींच्या बोलण्यांत मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणतात. घरांत अशी पेटी आली म्हणजे पहिले चार दिवस तिच्या बटणांतच जातात, आणि पुढें ती कपाटांत जाते. तसें होऊं नये यासाठीं तिचें तत्त्व आधीं समजून घेणें बरें.

सुतळीला जसे पदर असतात तसे या लेखनालाहि असतात. परंतु ते शेवटपर्यंत एकमेकांपासून सुटे राहतात. हें ध्यानांत येण्यास छापखान्याचें उदाहरण उपयोगीं पडेल. पुण्याच्या चित्रशाळेची स्थापना १८७८ सालीं झाली. तिचीं रंगीत देवादिकांचीं चित्रें घरोघर भिंतींवर लागलीं. शिळाछापांत असें चित्र एका दमांत निघत नसे. प्रत्येक रंगास निराळी शिळा लागे. एकाच कागदावर आधीं एक रंग, तो वाळल्यावर दुसरा, मग तिसरा, असे थर चढत. सर्व शिळा एका खुणेवर जुळल्या तर चित्र देखणें होई. एखादी केसभर सरकली तर देवाच्या ओंठांचा रंग गालावर जाई. बहुपदरी ध्वनिलेखनाची रीति हीच आहे. येथें कागदाच्या जागीं काळ आहे, रंगांच्या जागीं वाद्यें आहेत, आणि जुळवणीची खूण म्हणजे लय होय.

या रीतीचें महत्त्व जुन्या पद्धतीशीं ताडून पाहिल्यास कळतें. पुणें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें आणि १९५५ च्या रामनवमीपासून तेथून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचीं छप्पन्न गीतें क्रमानें ध्वनिक्षेपित झालीं. त्या काळच्या पद्धतींत गायक आणि सारे वादक एकाच दालनांत, एकाच वेळीं, एकमेकांकडे पाहत गात-वाजवीत. एकाचा हात चुकला तर सर्वांना पुन्हां आरंभ करावा लागे. त्या अडचणींत एक लाभहि होता : प्रत्येकाचा कान दुसऱ्याकडे लागलेला असे. बहुपदरी पेटी अडचण काढून टाकते. पण तिच्याबरोबर तो लाभहि निघून जातो. तो परत मिळवावयाचा तर एकट्यानें वाजविणाऱ्यानें स्वतःचें वाजविणें परक्याचें म्हणून ऐकावयास शिकलें पाहिजे. या पेटीची खरी विद्या ती हीच.

ही युक्ति रूढ करण्यांत एका गिटारवादकाचाच मोठा वांटा आहे, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेंतील लेस पॉल यानें १९४८ सालीं एक तबकडी प्रसिद्ध केली. तींत ऐकूं येणाऱ्या साऱ्या गिटारी त्यानें एकट्यानेंच वाजविल्या होत्या. एक तबकडी वाजत असतां तिच्यासंगें पुन्हां वाजवावयाचें आणि तें दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यावयाचें, असा तो खटाटोप होता. दर खेपेस पहिला आवाज थोडा मळे व खरखर वाढे. १९५७ सालीं त्याला आठ पदरांचें चुंबकीय फितीचें यंत्र मिळालें व हा दोष टळला. १९७९ सालीं तास्कॅमचा पोर्टास्टुडिओ निघाला आणि साध्या कॅसेटीवर चार पदर घेण्याची सोय घरांत आली. पुढें फीत जाऊन तिच्या जागीं नखाएवढें कार्ड आलें.

कार्डावर आवाज राहतो तो आंकड्यांच्या रूपानें. हवेच्या कंपनाची उंची सेकंदास ४४,१०० वेळां मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एकीवर बसविली जाते. मनुष्याच्या कानाची धांव सेकंदास सुमारे २०,००० कंपनांपर्यंत असते, आणि कोणतेंहि कंपन पुरतें टिपावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजावें लागतें. म्हणून हा आंकडा. या हिशेबानें एका पदरास मिनिटाला सुमारे ५३ लाख बाइट जागा लागते. चार मिनिटांचें आठपदरी गाणें सतरा कोटी बाइटांत बसतें, आणि ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अशीं पावणेदोनशेंहून अधिक गाणीं राहतात. तेव्हां जागेची काटकसर करण्याचें कारण उरलेलें नाहीं. काटकसर करावयाची ती पदरांची. आठ आहेत म्हणून आठहि भरावे असें नाहीं. नवशिक्यास चार पुरे.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं या. पहिली गोष्ट खोलीची. शहरांतील नव्या सदनिकांच्या भिंती उघड्या व गुळगुळीत असतात. त्यांवर आवाज आदळून परत येतो आणि गिटार न्हाणीघरांत वाजल्यासारखी ऐकूं येते. घरांतल्या दोन जाड गोधड्या दोरीवर टाकून वादकाच्या समोर व पाठीमागें टांगाव्यात; एवढ्यानें पुष्कळ फरक पडतो. पंखा बंद करावा. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांनीं रात्रीं दहानंतरची वेळ धरावी, आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत हा उद्योग मुळींच करूं नये. कुकरची शिटी मायक्रोफोनला फार लांबून ऐकूं येते, हेंहि स्वयंपाकघरांत आधीं सांगून ठेवावें.

दुसरी गोष्ट वाद्याची. जून ते सप्टेंबर दमट हवेनें गिटारचें लांकूड फुगतें, तारा गंजतात व स्वर चळतात. एक पदर सोमवारीं व दुसरा गुरुवारीं घ्यावयाचा असला म्हणजे दोन्ही दिवशीं वाद्य अगदीं एकाच स्वरांत असलें पाहिजे. यासाठीं प्रत्येक पदरापूर्वीं सहाहि तारा यंत्रानें तपासून लावाव्यात. कानाचा अंदाज येथें पुरत नाहीं. गाणाऱ्याचा स्वर काळी एक असला तर गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो चढवून पांढरी एकच्या स्वरांचे आकार धरावेत, म्हणजे बोटांस नवी संवय लावावी लागत नाहीं.

तिसरी गोष्ट मायक्रोफोनची. साध्या पोकळ गिटारचा आवाज तिच्या भोंकांतून येतो अशा समजुतीनें नवशिका मायक्रोफोन भोंकासमोर धरतो. तेथें घुमारा अतोनात असतो. मान जेथें पेटीला मिळते त्या सांध्यासमोर सुमारे एक वीत अंतरावर मायक्रोफोन ठेवावा. तारांचा कणखरपणा व पेटीची गोलाई दोन्ही तेथें मिळतात. विजेच्या गिटारला मायक्रोफोन नको, तिची तार थेट पेटींत जाते; मात्र पेटीवरील कळ गिटारच्या खुणेवर आहे ना हें पाहावें, नाहींतर आवाज बारीक व बोथट येतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० फेऱ्यांची असते. तिची गुणगुण ५० आणि १०० कंपनांवर उमटते, आणि गिटारच्या जाड तारेचा स्वर सुमारे ८२ कंपनांचा, म्हणजे बरोबर या दोहोंच्या मध्यें पडतो. त्यामुळें ही गुणगुण मागाहून गाळून काढतांना स्वरहि दुखावतो. पेटी सेलांवर चालविली आणि गिटार ट्रान्सफॉर्मर व पंख्याचा रेग्युलेटर यांपासून दूर धरली तर ती पुष्कळशी आधींच टळते.

आवाजाची पातळी ठरवितांना गाण्यांतला सर्वांत जोरकस भाग वाजवून पाहावा आणि कांटा शून्याच्या खालीं बारा डेसिबलच्या आसपास राहील असें करावें. फितीवर आवाज थोडा वर गेला तरी ती सांभाळून घेई. आंकड्यांच्या लेखनांत शून्याची भिंत आहे. तिच्यावर गेलेला भाग कापला जातो आणि तो मागाहून कोणत्याहि उपायानें जोडतां येत नाहीं.

एवढी तयारी झाल्यावर पहिला पदर घ्यावा. हा पदर लयीचा. पेटींतील मेट्रोनोम हेडफोनमध्यें चालू करावा. हेडफोन न घालतां तो बाहेर वाजूं दिला तर त्याची टकटक गिटारच्या पदरांत शिरते. केरवा असला तर आठ मात्रांचें आवर्तन. मिनिटास ८० मात्रांची लय ठेवली तर एक आवर्तन बरोबर सहा सेकंदांत येतें. दादरा असला तर सहा मात्रा धराव्यात. गाण्याच्या आरंभीं दोन आवर्तनें मोकळीं सोडावींत, म्हणजे पुढच्या पदरांना समेवर यावयास अवसर मिळतो. मग आरंभापासून अखेरपर्यंत केवळ ठेका व स्वरसंगति वाजवावी. या पदरांत कलाकुसर नको. पहिली शिळा आहे ही. ही सरकली तर वरचे सारे रंग सरकतील.

पदर पुरा होतांच त्याची लाल लेखनकळ बंद करावी. ती चालू राहिली तर पुढचें वाजविणें त्याच पदरावर चढतें व आधींचें पुसलें जातें. नवशिक्यांचें सर्वांत अधिक नुकसान या एका विसरानें होतें. त्यानंतर गिटार खालीं ठेवून तो पदर तीनदां ऐकावा. पहिल्यानें लय ऐकावी, दुसऱ्यानें स्वर, तिसऱ्यानें नुसती शांतता, म्हणजे दोन सुरांमधल्या जागेंत खुर्चीची कुरकुर किंवा बाह्यांची घासाघीस आहे काय तें. वाजवितांना मन हातांत गुंतलेलें असतें. धांवत चाललेली लय तेव्हां कळत नाहीं. येथें ती लपत नाहीं.

दुसऱ्या पदरांत खर्जाच्या तारांवरील स्वर, तिसऱ्यांत मुख्य चाल, चवथ्यांत गाणें, असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळीं मागचे पदर हेडफोनमध्यें ऐकत पुढचा वाजवावयाचा. एखादा स्वर चुकला तर तेवढाच तुकडा पुन्हां वाजवून आंत बसविण्याची सोय पेटींत असते. ठिगळ म्हणून ती उत्तम आहे. परंतु लय बिघडलेल्या पदरास ठिगळें लावीत बसण्यापेक्षां तो सबंध पुन्हां वाजविणें कमी वेळाचें ठरतें.

अखेरीस सर्व पदरांचें मिश्रण करून डाव्या व उजव्या कानांसाठीं दोन पदरांचें एकच लेखन तयार करावयाचें. गाणें व खर्ज मधोमध, ठेक्याची गिटार किंचित् डावीकडे, चालीची किंचित् उजवीकडे, एवढी मांडणी आरंभीं पुरे. एखादें अंग ऐकूं येत नसेल तर तें वाढविण्याआधीं बाकीचीं थोडीं कमी करून पाहावींत. घुमाऱ्याची कळ हात आंखडूनच फिरवावी. चुका झांकण्यासाठीं वापरलेला घुमारा चुकांनाच मोठें करून दाखवितो. मिश्रण रात्रीं केलें असेल तर सकाळीं ताज्या कानांनीं ऐकावें.

पेटी वादकाला साथीदार देत नाहीं; ती त्याच्याच चार प्रति देते. म्हणून चार पदरांपैकीं एक दुसऱ्यासाठीं मोकळा ठेवण्याचा नियम करावा. धाकट्या भावाचा तबला, शेजारच्या काकूंची पेटी, आणि सर्वांआधीं घरांतील वडील माणसांचा आवाज त्यावर घ्यावा. आजीला एखादी ओंवी किंवा भूपाळी येत असेल तर तिच्यासाठीं मेट्रोनोम लावूं नये. तिला तिच्या लयींत गाऊं द्यावें आणि गिटारनें मागाहून तिच्या लयीचा माग काढावा. त्या वेळीं तिचा पदर हीच पहिली शिळा होय.

घेतलेलें लेखन कार्डावरच ठेवून निर्धास्त राहूं नये. तें संगणकावर उतरवून आणखी एका निराळ्या ठिकाणीं त्याची दुसरी प्रत ठेवावी. कार्ड हरवतें, बिघडतें, आणि कधीं चुकून पुसलेंहि जातें. प्रत्येक लेखनाच्या आरंभीं गाणाऱ्याचें नांव, गांव, दिनांक व गाण्याचा स्वर हीं मायक्रोफोनसमोर स्पष्ट उच्चारावींत. त्याला दहा सेकंद पुरतात. पन्नास वर्षांनीं तें ऐकणाऱ्या नातवंडांस हा आवाज कोणाचा, असें कोणाला विचारावें लागणार नाहीं.