कालव्याकाठचा कारखाना आणि भूमिहीनांचा सातबारा

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावचा साखर कारखाना बंद पडला, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्याचा इतिहास सांगणारे लोक कंपनीचे नाव सांगतात, साहेबांचे बंगले सांगतात. आम्हाला मात्र त्याच्या जमिनीचा इतिहास सांगावयाचा आहे. कारण तो आमच्या समाजाच्या पोटाचा प्रश्न आहे.

बेलापूर कंपनी 1919 साली स्थापन झाली. प्रवरेवरील भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले. कालव्याला पाणी आले आणि उसाचे मळे उभे राहिले. कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. उसाला दारे धरणारे आणि ऊस तोडणारे हात मात्र भूमिहीनांचे होते.

1947 साली बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, अशी मागणी केली. जमीन राज्याची, कसणारे गावकरी, ते सामुदायिक पद्धतीने कसतील. त्यात जातीचा भेद नाही. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही.

ती संधी महाराष्ट्र सरकारच्या हाती चालून आली होती. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने साखर कंपन्यांची जादा जमीन सरकारकडे आली. त्याच कायद्याच्या कलम 28 मध्ये संयुक्त शेती संस्थेचे सभासद कोण असावेत, हे लिहिले होते : खंडाने जमीन देणारे, त्या जमिनीवर राबणारे शेतमजूर, कंपनीचे कर्मचारी, शेजारचे अल्पभूधारक आणि भूमिहीन. पण 1963 साली शेती महामंडळ स्थापन झाले. मालक बदलला, मजूर मजूरच राहिला. पुढच्याच वर्षी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांना तुरुंग भरावे लागले, ते उगाच नाही.

खंडकऱ्यांनी दीर्घ लढा दिला. 2012 पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. त्यांच्या हक्काला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच, की कायद्याने पाच जणांना पंगतीला बोलावले होते, मग वाढताना भूमिहीनाचेच ताट का चुकले? खंडकऱ्याजवळ जुना सातबारा होता. मजुराजवळ काय होते? आम्ही वकिली करतो. आमच्याकडे आलेल्या एका म्हाताऱ्या मजुराच्या हातात पगाराची एक मळकी चिठ्ठी होती. तीन पिढ्यांच्या घामाचा तेवढाच पुरावा!

जमीन नाही, त्याला गावात पत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच हरेगावात चोरीच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण झाली. त्यात शेळी आणि कबुतरांची किंमत होती, माणसाची नव्हती.

कार्यकर्त्यांनी आता नुसती निवेदने देऊन थांबू नये. महामंडळाकडे कोणत्या गटात किती जमीन शिल्लक आहे, ती कोणाला दिली, याची माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागावी. मळ्यावर राबलेल्या कुटुंबांच्या याद्या कराव्यात, चिठ्ठ्या-चपाट्या जपाव्यात आणि ग्रामसभेत ठराव मांडावेत. घाम कागदावर आल्याशिवाय कोर्टाला दिसत नाही. तो कागदावर आणणे हेच आता आमचे काम आहे.