जानेवारीच्या शेतात समरकंदचा दिरहम

उत्तर इंग्लंडमध्ये जानेवारीत सूर्य सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. तिकडे कुणी नातेवाईक असतील तर विचारून पाहा. जोहर, असर आणि मगरिब इतक्या लागोपाठ येतात की दुपार अशी उरतच नाही, असं ते सांगतील. एवढ्याशा दिवसात, बोटं बधिर करणाऱ्या थंडीत काही माणसं शेतातल्या ढेकळांतून संथपणे चालताना दिसतात. कानाला हेडफोन, कमरेला छोटी खुरपणी आणि हातात लांब दांड्याचं यंत्र. ते यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. मॉलच्या दारात पहारेकरी आपल्या अंगावरून फिरवतो त्याचाच हा शेतातला भाऊ.

हिवाळाच का, तर जमीन तेव्हा मोकळी असते म्हणून. उभ्या पिकात कुठलाच शेतकरी परक्याला पाऊल टाकू देत नाही. तिथली सुगी ऑगस्ट-सप्टेंबरात आटोपते. नंतर नांगरट होते, आणि नांगराच्या फाळानं खालची माती वर येते. कुरणांतलं गवतही थंडीत खुरटलेलं असतं. शिवाय ओलसर मातीत यंत्राला आवाज बरा मिळतो, असा हा छंद जोपासणाऱ्यांचा अनुभव आहे. पण दहिवर पडून जमीन गोठली की खुरपणी आपटून परत येते. थंडीत बॅटरीही लवकर दम टाकते. हातमोजे घातले तर मातीतला बारीक तुकडा बोटाला कळत नाही आणि काढले तर बोटंच कळत नाहीत. पोलादी टोकाचे बूट घालून गेलेल्या माणसाचं यंत्र त्याच्याच पायाजवळ ओरडत राहतं.

या यंत्रामागचं विज्ञान आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज वाहिली की भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत बारीक विद्युतप्रवाह उमटतात आणि यंत्रातलं दुसरं वेटोळं त्यांची चाहूल घेतं. लोखंडाचा आवाज वेगळा, चांदीचा वेगळा. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते. म्हणजे 'जमिनीच्या पोटात दहा हात खाली सोनं दाखवणारं यंत्र' म्हणून कुणी काही विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

आता मुद्द्याकडे येते. ६ जानेवारी २००७ रोजी यॉर्कशायरमधल्या हॅरोगेट गावाजवळच्या शेतात डेव्हिड आणि अँड्र्यू व्हेलन हे बापलेक असेच फिरत होते. यंत्र वाजलं. खणल्यावर आधी शिशाच्या पत्र्याचे तुकडे लागले आणि मग चांदीचा एक गोल वाडगा. वाडगा मातीनं गच्च भरलेला होता, आणि त्या मातीत नाणी दिसत होती.

त्या क्षणी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? माती उकरून नाणी मोजली असती, एखादं बाहीवर घासून चकाकतं का ते पाहिलं असतं. या दोघांनी तसं केलं नाही. वाडगा भरलेलाच ठेवला आणि अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दिला. तिथून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. प्रयोगशाळेत उबदार खोलीत, दिव्याखाली, तज्ज्ञांनी थर थर करत माती काढली आणि कोणती वस्तू कुठं, कशाला लागून होती हे टिपून ठेवलं. माझ्या मते या कथेतलं खरं काम शेतात यंत्र वाजलं तेव्हा झालेलं नाही, यंत्र थांबल्यावर हात आवरला तेव्हा झालं.

आत ६१७ चांदीची नाणी निघाली. सोन्याचं एक कडं, चांदीच्या लगडी, दागिन्यांचे तोडलेले तुकडे. वाडग्याला सोन्याचा मुलामा होता. तो नवव्या शतकात युरोपच्या मुख्य भूमीवर, बहुधा एखाद्या चर्चसाठी घडवलेला. आणि या सगळ्यात अरबी अक्षरांची नाणी, थेट समरकंदकडून आलेले दिरहम!

समरकंद तेव्हा सामानी घराण्याच्या ताब्यात होतं. आजच्या अफगाणिस्तानातल्या पंजशीरच्या खोऱ्यात आणि ताश्कंदच्या परिसरात चांदीच्या खाणी होत्या. तिथल्या चांदीचे दिरहम पाडले जात. ते व्होल्गा नदीच्या काठानं उत्तरेकडे जात आणि तिकडून फर, मध, मेण आणि (हेही सांगायला हवं) गुलाम येत. व्हायकिंग व्यापारी ते दिरहम स्वीडनपर्यंत आणि पुढं इंग्लंडपर्यंत नेत. त्यांना नाण्यावरचं लिखाण वाचता येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. चांदी तागडीत तोलायची, कमी पडली तर दुसऱ्या नाण्याचा तुकडा तोडून टाकायचा, इतकाच त्यांचा हिशेब.

आपल्या उर्दू वाचणाऱ्या मुलांना मात्र ते नाणं वाचता येतं. मी सामानी दिरहमचं मोठं केलेलं चित्र आठवीच्या वर्गात दाखवलं होतं. कूफी लिपीत नुक्ते नसतात, त्यामुळे मुलं आधी गोंधळली. मग मागच्या बाकावरून एका मुलीनं मधल्या ओळींतला कलमा ओळखला आणि वर्गात गलका झाला. कडेनं गोल फिरणाऱ्या ओळीत हा दिरहम कुठल्या शहरात, हिजरी कुठल्या साली पाडला तेही अक्षरांत लिहिलेलं असतं. हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूवर तिचा जन्मदाखला कोरलेला असावा, यापेक्षा इतिहासाच्या शिक्षिकेला आणखी काय हवं!

त्या वाटेनं प्रवास केलेल्या एका माणसाचं लिखाण आपल्यापर्यंत आलेलं आहे. बगदादच्या खलिफानं इ.स. ९२१ मध्ये व्होल्गाकाठच्या बल्गार राजाकडे पाठवलेल्या मंडळात इब्न फदलान होता. ख्वारिज्ममध्ये त्याला हिवाळा काढावा लागला. हमामातून घरी येईपर्यंत त्याच्या दाढीचा बर्फाचा गोळा होई आणि शेकोटीजवळ बसून ती वितळवावी लागे, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पुढं त्यानं ते व्यापारीही पाहिले. यॉर्कशायरमधला वाडगा पुरला गेला इ.स. ९२७-२८ च्या सुमारास, म्हणजे इब्न फदलानच्या प्रवासानंतर सहा-सात वर्षांतच. हा काळ ठरवता आला तो त्यातल्या सर्वांत नव्या नाण्यांवरून. ॲथेलस्टन राजानं ९२७ मध्ये उत्तरेकडचं राज्य जिंकलं आणि नाण्यांवर स्वतःला सगळ्या ब्रिटनचा राजा म्हणवलं. कुणा धनवान व्हायकिंगनं त्या धामधुमीत आपली पुंजी पुरली आणि ती न्यायला तो परत आलाच नाही.

साल वाचलं आणि मला आपला किनारा आठवला. पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीनं तेव्हा संजाण प्रांताचा कारभार एक अरब मुसलमान पाहत होता. ताम्रपटात त्याचं नाव 'मधुमती' असं आलंय आणि तो 'ताजिक' असल्याचं म्हटलंय. मुहम्मदचं संस्कृत वळणानं झालेलं ते मधुमती, असं अभ्यासक मानतात. त्याच्या कारकिर्दीत तिथल्या एका मठिकेला जमीन दान दिली गेली, त्याचा हा लेख. समरकंदची चांदी यॉर्कशायरच्या मातीत जात होती त्याच सुमारास आपल्या पालघरकडे हा तांब्याचा पत्रा कोरला जात होता. तो भंगारात गेला असता तर मधुमतीचं नावही आज आपल्याला माहीत नसतं.

पण अखंड वाडगा किंवा पूर्ण ताम्रपट हे नशिबाचे खेळ. बहुतेकांना सापडतात ती बटणं, खिळे, बंदुकीच्या गोळ्या आणि डब्यांची झाकणं. अशा किरकोळ तुकड्यांची किंमत कशी वाढते ते टॉर्क्सी गावानं दाखवलं. लिंकनशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी व्हायकिंगांच्या मोठ्या फौजेनं ८७२-७३ चा हिवाळा काढला होता, एवढं जुन्या बखरीत होतं. छावणी नेमकी कुठं आणि केवढी, हे मात्र उमगलं ते छंदी लोकांनी वर्षानुवर्षं त्या शेतांतून वेचलेल्या आणि नोंदवलेल्या वस्तूंमुळे. त्यात दिरहमचे शंभराहून अधिक तुकडे आहेत, वजनं आहेत, तोडलेली चांदी आहे. बाजारात नखाएवढ्या तुकड्याला कोण विचारतो? पण प्रत्येक तुकडा कुठं सापडला याची खूण नकाशावर केली तेव्हा एका हिवाळ्यातला सगळा बाजार उभा राहिला.

इंग्लंडमध्ये यासाठी १९९६ चा कायदा आहे. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शेतात शिरता येत नाही, संरक्षित स्थळांवर यंत्र चालवता येत नाही. सोन्याचांदीचा जुना ठेवा सापडला तर १४ दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. (आपल्या मुंबईतही पूर्वी कॉरोनर कोर्ट होतं, जुन्या वाचकांना आठवत असेल.) संग्रहालयानं ठेवा घेतला तर त्याची रक्कम बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी निम्मी वाटली जाते. हॅरोगेटच्या ठेव्यासाठी दोन संग्रहालयांनी मिळून १०,८२,००० पौंड मोजले. साध्या वस्तूही लोक आपणहून नोंदवतात. अशा नोंदी आता पंधरा लाखांच्या वर गेल्या आहेत.

याच देशात उलटंही घडलं. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना नवव्या शतकातला ठेवा सापडला. त्यांनी तो ना मालकाला सांगितला ना सरकारला, गुपचूप विकायला काढला. त्यांच्या फोनमधून पुसलेली छायाचित्रं पोलिसांनी परत मिळवली, तेव्हा नाणी अंदाजे तीनशे असावीत असं दिसलं. हाती लागली त्यातली थोडीच. वाचलेल्या नाण्यांपैकी काहींवर दोन शेजारी राजे बरोबरीनं बसलेले आहेत, आणि त्यातल्या एकाला बखरकारांनी नुसतं बाहुलं ठरवलं होतं! विकून टाकलेल्या नाण्यांवर आणखी काय होतं ते कोण सांगणार? दोघांना २०१९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आपल्याकडे डिटेक्टरचा छंद नाही, पण गुप्तधनाचं वेड आहे. मोहरांच्या हंड्याच्या गोष्टी ऐकून लोक किल्ल्यांवर, जुन्या कबरींजवळ, पडक्या वाड्यांत रात्री खड्डे घेतात. भोंदू बाबा 'धन राखणाऱ्या'ला शांत करायला पैसे उकळतात आणि कधी त्याहून भयंकर काही मागतात. गुप्तधनासाठीच्या अशा अघोरी कृत्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा आहे. घरातल्या मोठ्यांनी तो मुलांना सांगावा.

आणि प्रामाणिकपणे, घराचा पाया खणताना काही निघालंच तर? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर काय सापडलं, कुठं आणि कधी, हे लेखी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. लपवलं तर हिस्साही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं आणि ठेवा बेवारस ठरला तर शोधणाऱ्याचा हक्क राहतो. जमीन दुसऱ्याची असेल तर सर्वसाधारणपणे तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक मालकाला. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. पाचव्या हिश्श्यावर अनेकांना 'रिकाज' आठवेल. शरीयतमध्ये जुन्या दफिन्यातला पाचवा हिस्सा द्यायचा असतो. त्याचे तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत.

मधल्या काळात नाणी चिंचेनं घासू नका, सराफाला दाखवायला नेऊ नका, मडकं रिकामं करू नका. आहे तिथंच राहू द्या, फोनवर फोटो काढा, वरून काहीतरी झाका आणि सकाळी तहसील कचेरी गाठा. आणि लीड्स किंवा ब्रॅडफर्डला कुणी शिकायला असेल तर त्याला सांगा, लीड्सहून यॉर्क आगगाडीनं अर्ध्या तासावर आहे. हॅरोगेटचा ठेवा तिथल्या यॉर्कशायर म्युझियमचा आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा सामाईक आहे. कुठला भाग सध्या कुठं मांडलाय ते आधी विचारावं, आणि दिरहम दिसला तर कडेची ओळ वाचून पाहावी.